पाय नसता, तर...

क्रिकेटमध्ये फलंदाज ज्या प्रकारांनी बाद होतो, त्यांतले बहुतेक प्रकार साध्या भूतकाळात सांगता येतात. चेंडू यष्टींवर आदळला. क्षेत्ररक्षकाने झेल घेतला. धाव पूर्ण होण्याआधी यष्टी मोडली. घडले ते सर्वांना दिसले आणि पंचाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पायचीत हा प्रकार मात्र या रांगेत बसत नाही. यष्ट्या जागच्या जागी उभ्या असतात, बेल्स हललेल्याही नसतात, आणि तरी फलंदाजाला परतावे लागते. कारण पंचाने मनाशी एक वाक्य पूर्ण केलेले असते : ‘पाय आड आला नसता, तर चेंडू यष्टींवर आदळला असता.’ व्याकरणात आपण ज्याला संकेतार्थ म्हणतो, तोच हा. जे घडलेच नाही, त्याच्या आधारावर दिलेला हा निकाल आहे.

लासलगावात राहणाऱ्याला संकेतार्थ वेगळा शिकवावा लागत नाही. बाजार समितीच्या आवारात लिलाव संपल्यावर रिकाम्या ट्रॅक्टरजवळ थोडा वेळ उभे राहावे. ‘चार दिवस आधी माल आणला असता, तर...’, ‘चाळीत अजून महिनाभर ठेवला असता, तर...’ अशी वाक्ये कानांवर पडत राहतात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि मे २०२४ मध्ये ती खुली झाली. मधल्या महिन्यांत ‘निर्यात चालू असती, तर’ या शब्दांनी सुरू न होणारा संभाषणाचा एक दिवस मला आठवत नाही. या वाक्यांत खोटे काही नसते. पण त्यांतून हाती काही लागतही नाही.

आता शब्दाकडे पाहू. ‘चीत’ हा शब्द कुस्तीच्या आखाड्यातला. पाठ मातीला टेकली की मल्ल चीत झाला. मराठी समालोचनाने हा शब्द क्रिकेटमध्ये रुळवला आणि त्यापासून त्रिफळाचीत, यष्टिचीत, धावचीत, पायचीत असे शब्द रूढ झाले. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून ते घरोघरी नेले. या सामासिक शब्दांची बाह्य घडण एकसारखी आहे, पण पदांतला संबंध प्रत्येक वेळी वेगळा आहे. धावताना चीत तो धावचीत. पाय आड आल्यामुळे चीत तो पायचीत. इंग्रजी संज्ञा केवळ स्थान सांगते : पाय यष्टींपुढे होता. मराठी शब्द त्यापुढे जाऊन परिणामही सांगतो आणि त्याचे खापर सरळ पायावर फोडतो.

नियम मात्र शब्दापेक्षा व्यापक आहे. डिसेंबर १९९९ मध्ये ॲडलेड कसोटीच्या दुसऱ्या डावात ग्लेन मॅकग्राचा आखूड टप्प्याचा चेंडू अपेक्षेइतका उसळला नाही. खाली वाकलेल्या सचिन तेंडुलकरांच्या तो खांद्याजवळ लागला आणि ते शून्यावर पायचीत ठरले. चेंडू पायाला लागलाच नव्हता, तरी शब्द तोच राहिला. रूढार्थ व्युत्पत्तीला मागे टाकून कसा पुढे जातो, याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही. नियमही असाच बदलत आला आहे. १७७४ च्या नियमात फलंदाजाने हेतुपुरस्सर पाय आड घातला असेल, तरच तो बाद होई. पुढे हेतूची ही अट गेली. चेंडूचा टप्पा यष्टींच्या रेषेतच पडला पाहिजे, ही अट १९३७ मध्ये सैल झाली आणि ऑफ यष्टीबाहेर पडून आत येणारा चेंडूही फलंदाजाला बाद करू लागला.

हा सारा विचार माझ्या मनात सुरू झाला तो एका विद्यार्थ्यामुळे. आमच्या संपर्क सत्राला येणारे हे गृहस्थ तिशी ओलांडलेले. आठवडाभर बाजारात मापाऱ्याचे काम, रविवारी क्रिकेट. लहानपणापासून ते टेनिसच्या चेंडूने खेळले. आपल्याकडे त्या खेळात बहुधा पायचीत नसतेच. त्यामुळे चेंडू पायाने अडवण्यात काही गैर आहे, असे शरीराला कधी शिकवलेच जात नाही. लेदरच्या चेंडूने खेळू लागल्यावर ते लागोपाठ पायचीत होऊ लागले. एका रविवारी ते मला म्हणाले, “सर, आता खेळ सोडतो. आणि खरं सांगू का, परीक्षेचा अर्जही भरावासा वाटत नाही. बारावीनंतर शिक्षण सुटलं नसतं, तर गोष्ट वेगळी होती.” दोन्ही वाक्ये त्यांनी एका दमात उच्चारली, हे माझ्या कानाने टिपले.

मी त्यांना म्हणालो, “अर्जाचे नंतर पाहू. आधी तुमचा पाय कुठे पडतो, ते पाहू.” पुढच्या रविवारी मी सीमारेषेवर न बसता पंचाच्या मागे उभा राहिलो. त्यांचा पुढचा पाय प्रत्येक चेंडूला सरळ पुढे न येता आडवा, ऑफ यष्टीकडे जात होता. पायामागोमाग डोकेही तिकडे कलत होते. मग सरळ आलेल्या चेंडूसाठी बॅटला पॅडला वळसा घालून यावे लागे, आणि तेवढ्या वेळात चेंडू पॅडवर आदळे.

यावरचा उपाय जुना आहे आणि सुनील गावसकरांच्या फलंदाजीत तो स्वच्छ दिसत असे. डोके स्थिर आणि पुढच्या गुडघ्याच्या वर. पाय चेंडूच्या रेषेच्या किंचित आतल्या बाजूला, म्हणजे बॅटला सरळ खाली यायला वाट राहते. बॅट आणि पॅड यांच्यात फट नाही. आणि सरळ चेंडू सरळच, मिड-ऑनच्या दिशेने. तो स्क्वेअर लेगकडे वळवण्याचा मोह हा पायचीत होण्याचा राजमार्ग आहे. पाऊल लांब टाकले, तर चेंडू यष्टींपासून दूर असतानाच पॅडला लागतो. पुढे तो कुठे गेला असता, याविषयी पंचाच्या मनात शंका वाढते आणि शंकेचा फायदा फलंदाजाला मिळतो. आखूड चेंडूला मागे जायचे ते यष्टींच्या दिशेने, आडवे नव्हे. शिवाय नियम पाठ हवा : लेग यष्टीबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देता येत नाही, चेंडू आधी बॅटला लागला, तरीही नाही, आणि खेळण्याचा खरा प्रयत्न करताना तो ऑफ यष्टीच्या रेषेबाहेर पॅडला लागला, तरीही नाही.

आम्ही खेळपट्टीवर मधल्या यष्टीपासून समोर फक्कीची एक रेषा आखली. सरळ चेंडूला पुढच्या पायाने ती ओलांडायची नाही, एवढाच सराव. पहिल्या दिवशी त्यांच्या बुटाला फक्की लागली नाही असा चेंडू क्वचितच गेला. दीड-दोन महिन्यांनी रेषा बरीचशी शाबूत राहू लागली.

याच संदर्भात मी त्यांना १९८१ ची मेलबर्न कसोटी सांगितली. गावसकर ७० धावांवर असताना डेनिस लिलीच्या चेंडूवर त्यांना पायचीत देण्यात आले. चेंडू आधी बॅटला लागला, अशी त्यांची खात्री होती. संतापून ते जोडीदार चेतन चौहान यांनाही मैदानाबाहेर घेऊन निघाले. संघाच्या व्यवस्थापकांनी चौहान यांना सीमारेषेवरच थांबवले, दिलीप वेंगसरकर आत गेले आणि सामना पुढे चालू राहिला. विजयासाठी १४३ धावा हव्या असलेला ऑस्ट्रेलियाचा संघ ८३ धावांत गारद झाला आणि भारत ५९ धावांनी जिंकला. त्या वर्तनाबद्दल गावसकरांनी पुढे खेद व्यक्त केला. तंत्राची एवढी शुद्धता असणारा फलंदाजही पंचाच्या ‘असता’पुढे हतबल होतो, पण खेळ जिंकला जातो तो त्यानंतर टाकलेल्या चेंडूंवर.

विद्यार्थिमित्रहो, संकेतार्थ हा पंचाचा अर्थ आहे. तो त्यालाच वापरू द्यावा. क्रीजवर उभ्या असलेल्या माणसाला विध्यर्थ हवा : पाय येथे टाकावा, डोके स्थिर ठेवावे, बॅट सरळ आणावी. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच सुटले आहे. कुणाचे शेतीमुळे, कुणाचे लग्नामुळे, कुणाचे घरातल्या आजारपणामुळे. ‘सुटले नसते, तर’ हे वाक्य खरे असले, तरी त्यावर परीक्षेत गुण मिळत नाहीत.

आमचे मापारी अजूनही अधूनमधून पायचीत होतात, पूर्वीपेक्षा कमी. परीक्षेचा अर्ज त्यांनी मुदतीच्या आदल्या दिवशी भरला. ‘अर्थ आणि आख्यात’ हे प्रकरण त्यांना अवघड जाते, म्हणून पुढच्या सत्राला ते तासभर आधी येणार आहेत.