हुबळीची पेठ आणि समुद्रावरील चाचे

हुबळीस समुद्र नाही. सह्याद्रीच्या पूर्वेस, काळ्या मातीच्या पठारालगत ही जुळी नगरी वसली आहे. एकीकडे व्यापाराची हुबळी, दुसरीकडे विद्येचे धारवाड. अशा गावी समुद्रावरील चाच्यांची आठवण का व्हावी, असे वाचक विचारतील. परंतु दुर्गद बैल भागातील गजबजलेली बाजारपेठ पाहात आम्ही हिंडलो तेव्हा, या पेठेचे भाग्य पूर्वीपासून जहाजांशी बांधलेले आहे, हे आमच्या ध्यानी आले.

सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांची वखार कारवारास होती. पण तेथून परदेशी जाणारे तलम कापड विणले जाई ते घाटावर. हुबळी व इतर ठिकाणी मिळून ५०,००० विणकर या कामी लागले होते, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. आज हुबळीहून निघालेला रस्ता येल्लापुरावरून जातो आणि अरबैल घाट उतरून अंकोल्यास व पुढे कारवारास पोहोचतो. तेव्हा घाट उतरून गेलेला माल जहाजावर चढला, की त्याची खरी परीक्षा सुरू होई. समुद्रात जहाज लुटले गेले, तर त्याची झळ दूर घाटावरील मागापर्यंत पोहोचत असे.

त्या काळची एक कथा बोधप्रद आहे. विल्यम किड नावाचा कप्तान चाच्यांना पकडण्याचा राजाचा परवाना घेऊन इंग्लंडहून निघाला होता. १६९७ च्या सप्टेंबरात तो लाकूडफाटा व पाणी घेण्यासाठी कारवारास आला. तेथे त्याचे काही लोक जहाज सोडून पळाले आणि किडचा बेत लुटीचाच आहे, असे त्यांनी वखारीत सांगितले. पुढे १६९८ च्या आरंभी त्याने ‘केदाह मर्चंट’ हे मोठे व्यापारी जहाज लुटले. अखेर १७०१ साली लंडनमध्ये त्यास फाशी झाली. राखणदार म्हणून आलेला चोर निघाला! परवान्याने मनुष्य प्रामाणिक होत नाही, हेच खरे.

चाचेगिरी ही केवळ इतिहासातील गोष्ट आहे, असे मात्र कोणी समजू नये. सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज पळविले. त्यावर १५ भारतीय होते. खंडणी दिल्यावर एप्रिल २०११ मध्ये जहाज सुटले, आठ जणही सुटले. परंतु उरलेल्या सात जणांना चाच्यांनी मागे ठेवून घेतले, कारण त्यांचे साथीदार भारताच्या तुरुंगात होते. त्या सात जणांची सुटका ऑक्टोबर २०१४ मध्ये झाली. पोलादी जहाज सुटते, खलाशी मात्र अडकून राहतो! घरी वाट पाहणाऱ्या आईला ती चार वर्षे किती दीर्घ वाटली असतील!

रक्षणाचे उपायही आता पुष्कळ झाले आहेत. धोक्याच्या भागात जहाजे वेग वाढवितात, रात्रंदिवस पहारा ठेवतात, कठड्यांभोवती काटेरी तारा लावतात. चाचे चढलेच, तर आतून बंद होणाऱ्या एका बळकट खोलीत सर्वांनी आश्रय घ्यावयाचा असतो. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’ या जहाजावरील २१ जण असेच लपून राहिले. त्यांत १५ भारतीय होते. आपल्या नौदलाने त्या सर्वांना सुखरूप सोडविले. भारतीय युद्धनौका २००८ पासून एडनच्या आखातात पहारा देत आहेत, आणि २०२२ साली चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदाही झाला. ज्या कारवारास किडने नांगर टाकला, त्याच किनाऱ्यावर आज नौदलाचा ‘कदंब’ हा विस्तीर्ण तळ आहे.

आपल्या पवित्र सभेस हे दुःख नवीन नाही. समुद्रावर पकडल्या गेलेल्या व गुलामगिरीत पडलेल्या ख्रिस्ती बांधवांना सोडविण्यासाठीच संत जॉन दे माथा व संत पीटर नोलास्को यांनी बाराव्या-तेराव्या शतकांत आपापले संघ स्थापिले. आज ‘स्टेला मारिस’ ही संस्था बंदरोबंदरी खलाशांची विचारपूस करते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी दर्यावर्दी लोकांसाठी विशेष प्रार्थना होते.

गोवा, वसई व कोकणपट्टीच्या कित्येक ख्रिस्ती घरांतील मुलगे जहाजांवर आहेत. हुबळीहून लोंढा व दूधसागर ओलांडून आगगाडी मुरगाव बंदराकडे जाते. त्या वाटेने गेलेला मालही अखेर अशाच कुणा आईच्या मुलाच्या हाती सुपूर्द होतो. तेव्हा सायंकाळी पवित्र माळ जपताना, सागरतारका मरियेच्या चरणी एक ‘नमो मरिये’ त्यांच्यासाठी अवश्य वाहावी. आणि ज्या शेजारघरचा मुलगा समुद्रावर आहे, तेथे जाऊन त्याच्या आईची विचारपूस करावी. हे कार्य कोणत्याही युद्धनौकेस करता येणार नाही. ते आपणच करावयाचे आहे.