कोबेचे जिनालय आणि परतीचा कागद

जपानमधील कोबे हे बंदर १८६८ साली परदेशी व्यापारासाठी खुले झाले. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस रोक्को पर्वताची रांग आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वसलेले हे शहर मोत्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. या व्यापाराच्या निमित्ताने आलेली जैन कुटुंबे येथे स्थायिक झाली. सान्नोमिया स्थानकातून चढण चढत कितानो भागात गेले की, परदेशी व्यापाऱ्यांच्या जुन्या घरांच्या शेजारी शुभ्र संगमरवरी शिखर दिसते. १९८५ साली उभारलेले हे भगवान महावीरस्वामींचे मंदिर. १९९५ च्या विनाशकारी भूकंपातून सावरलेल्या या शहरात दर्शन घेताना मन भरून येते.

आमच्या यात्रागटातील एका वयस्क भगिनींची पर्स येथील रेल्वेप्रवासात राहून गेली. त्यात पासपोर्ट होता. जपानमध्ये अल्पकाळासाठी आलेल्या परदेशी पाहुण्याने पासपोर्ट सदैव जवळ बाळगावा असा कायदा असल्याने तो हॉटेलात ठेवून फिरता येत नाही. चार दिवसांनी त्यांना सिंगापूरला मुलीकडे जायचे होते. मुलीचे बाळंतपण जवळ आले होते.

प्रथम आम्ही जवळच्या ‘कोबान’मध्ये, म्हणजे पोलीस चौकीत गेलो. वस्तू हरवल्याची नोंद झाली आणि तिचा क्रमांक मिळाला. पुढे रेल्वेने ओसाका येथील भारतीय वाणिज्य दूतावास गाठला. हरवलेल्या पासपोर्टची छायाप्रत, पोलीस नोंद, छायाचित्रे, आधार कार्डाची प्रत आणि घटनेचे लेखी निवेदन एवढी कागदपत्रे लागली. पासपोर्टची छायाप्रत मुलाने मुंबईहून मोबाइलवर पाठवली, म्हणून पुष्कळ वेळ वाचला.

तेथे दोन मार्ग समोर आले. नवा पासपोर्ट मागावा, तर पडताळणी पूर्ण होईपर्यंत परक्या देशात थांबणे भाग. दुसरा मार्ग ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’चा. हे प्रमाणपत्र तुलनेने लवकर मिळते. परंतु ते पासपोर्टची जागा घेत नाही. त्यावर फक्त भारतात, एकाच वेळी, एकाच दिशेने परतता येते. मायदेशी उतरल्यावर ते इमिग्रेशनकडे जमा होते आणि मग नव्या पासपोर्टसाठी रीतसर अर्ज करावा लागतो. सिंगापूरचा मार्ग त्याने उघडत नाही.

भगिनी काही वेळ नि:शब्द बसल्या. पुढचे तिकीट, व्हिसा, सुकामेव्याचे लाडू, बाळासाठी शिवलेली दुपटी, सारे तयार होते. अखेर त्या म्हणाल्या, “अनोळखी गावात एकटी थांबून मुलीची काळजी वाढवण्यापेक्षा घरी जाते. बाळाचे मुख महिनाभराने पाहीन.” त्यांनी परतीचा अर्ज केला. दुपटी मात्र गटातील दुसऱ्या कुटुंबाबरोबर सिंगापूरला पोहोचली.

त्या मुंबईस परतल्यावर कोबेहून निरोप आला. पर्स सापडली होती. पैसे, चष्मा, जपमाळ, पासपोर्ट, सर्व जसेच्या तसे. कोणा अनोळखी माणसाने ती उचलून पोलिसांकडे दिली होती. जपानी कायद्यानुसार अशी वस्तू पोलीस तीन महिने सांभाळतात आणि मूळ मालकाकडून किमतीच्या पाच ते वीस टक्के बक्षीस मागण्याचा सापडणाऱ्यास हक्क असतो. येथे कोणी काहीही मागितले नाही. पडलेली वा विसरलेली परवस्तू न घेणे हे आपल्या अचौर्याणुव्रतात सांगितले आहे. ते आचरणात पाहण्याचा योग असा आला.

पासपोर्ट मात्र आता निरुपयोगी होता. हरवल्याची नोंद होताच तो रद्द होतो आणि पुन्हा सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही.

परदेशी निघणाऱ्या बंधुभगिनींनी म्हणून काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पासपोर्ट व व्हिसा यांच्या प्रती स्वतःजवळ वेगळ्या ठेवाव्यात व घरी एका जाणत्या माणसाकडेही द्याव्यात. दोन छायाचित्रे जास्तीची घ्यावीत. जेथे जाणार तेथील भारतीय दूतावासाचा पत्ता व दूरध्वनी वहीत लिहावा. काही देशांत बाहेर पडण्यासाठी तेथील इमिग्रेशन कार्यालयाची परवानगीही लागते, म्हणून विमानाचे तिकीट बदलण्यापूर्वी दूतावासात चौकशी करावी. आणि पासपोर्ट हाती पुन्हा आला, तरी तो घेऊन विमानतळ गाठू नये.