चढणाऱ्या गाडीला आधी वाट

आज फवारणी-खताचं बाजूला ठेवतो, घाटातली गोष्ट सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री टोमॅटोचे ६० कॅरेट पिकअपमध्ये भरून मी आणि पोरगा कल्याण मार्केटला निघालो. आळेफाट्याला चहा घेतला, ओतूर सोडलं, पिंपळगाव जोग्याचं धरण मागं टाकून माळशेजच्या तोंडाशी आलो. पाऊस बारीकच, पण धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. लाईट वर केला तर समोर पांढरी भिंतच. मग लाईट खाली घेतला, कडेची पांढरी पट्टी धरली आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरवायला लागलो. भरली गाडी उतारावर नुसत्या ब्रेकवर सोडू नका. लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक दगा देतो.

एका वळणावर दरडीची माती आली होती, रस्ता निम्माच उरला होता. खालून भरलेला ट्रक चढत होता. मी लाईट मारले, हॉर्न दिला. मार्केट पहाटेचं, मला आधी निघायचं होतं. पोरगा म्हणाला, "बाबा, चढणारी गाडी हाय ती. थांबली तर परत उठायची न्हाई. आपण थांबू."

थांबलो. ट्रक गुरगुरत वर गेला. ड्रायव्हरनं जाता जाता हात केला.

पुढं मुरबाडपर्यंत पोराचे शब्द डोक्यातून जाईनात. धाकट्या भावानं दोन वर्षांपूर्वी वरच्या तुकड्याला पाणी न्यायला माझ्या बांधाकडेनं पाइपलाइनची वाट मागितली होती. वाटणीचा जुना राग, मी नाही म्हणालो. त्या उन्हाळ्यात त्याची डाळिंबाची झाडं वाळली. कर्ज तसंच राहिलं. तो चढावर होता आणि मी हॉर्न वाजवत होतो.

आम्ही ख्रिस्ती. ख्रिस्ती माणसाची वाट म्हणजे आपण एकट्यानं चढायचा डोंगर, असंच मी समजत होतो. उपासना चुकवायची नाही, दशांश द्यायचा, झालं. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूनं सांगितलंय की अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा. ते मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की याच वाटेवर दुसऱ्यासाठी आपली गाडी कडेला घ्यावी लागते.

रविवारी चर्चला जायच्या आधी भावाच्या वस्तीवर गेलो. तो काही गळ्यात पडला नाही. खाली बघत म्हणाला, "दादा, कागद करून देशील?" लागलं मनाला. पण त्याचं बरोबर होतं. म्हणालो, "देतो."

कागद झाला. उन्हाळ्यात तीन फूट खोल चर घेऊन पाइप गाडला, म्हणजे नांगराचा फाळ लागायची भीती नाही. वाट देणार असाल तर कागद जरूर करा, पुढं पोराबाळांत भांडण नको. भावानं डाळिंब नव्यानं लावलंय. बोलणं अजून कामापुरतंच आहे. पण परवा मोटर चालू करायच्या आधी त्यानं मला हाक मारली, "दादा, पाणी सोडतोय." मी हात केला.