काटेरी पाकटाची भेट

इंदुरात जन्म, तेथेच शिक्षण आणि तेथेच शासकीय शाळेची नोकरी. शिप्रेच्या घाटावरदेखील कमरेइतक्या पाण्यापलीकडे मी कधी गेलो नाही. असा मनुष्य पंचावन्नाव्या वर्षी लक्षद्वीपातील कदमत बेटावर रबरी पोषाख चढवून, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरला, ही करणी आमच्या कन्येची. "बाबा, काठावरूनच पाहायचे होते तर घरचा नकाशा काय वाईट होता?" असे तिने विचारले आणि माझा निरुपाय झाला.

कदमत सुमारे नऊ किलोमीटर लांब, रुंदीला मात्र अगदी बेताचे. पश्चिमेस प्रवाळाच्या बांधाआड उथळ, पाचूच्या रंगाचे पाणी पसरलेले आहे. तेथेच आम्ही बुडी घेतली. चष्मा बोटीत ठेवावा लागला, तेव्हा निम्मे धैर्य त्याच्याबरोबरच राहिले. पाण्याखाली माझाच श्वास लोहाराच्या भात्यासारखा ऐकू येत होता. प्रशिक्षकाने वाळूतील एका धोंड्याकडे बोट केले. मी शिष्टाचार म्हणून मान डोलावली. इतक्यात त्या धोंड्याने वाळू उडविली!

तो पाकट होता. मल्याळीत पाकटाला तिरंडी म्हणतात. उपड्या परातीवर फणसाची साल चढवावी तशी त्याची पाठ. इतर बहुतेक पाकटांच्या शेपटीवर विषारी काटा असतो. याला तो नाही. याचे सारे संरक्षण पाठीवर. पिलांच्या पाठीवर हे मोठे काटे नसतात, वाढीबरोबर येतात. वयाबरोबर कातडी राठ होते, हा अनुभव शिक्षकी पेशासही नवा नाही.

नकळत माझा हात पुढे गेला. प्रशिक्षकाने मनगट घट्ट धरले. क्षणभर राग आला. विद्यार्थ्याचे मनगट धरण्याची सवय मला, धरून घेण्याची नव्हे. पाकट सावकाश उठला आणि कडा हलवीत निळ्या धुक्यात विरला.

घरी परतल्यावर पुस्तके चाळली. ब्लॉख व श्नायडर या जर्मन पंडितांनी 1801 साली या माशाचे वर्णन केले, ते मुंबईहून मिळालेल्या एका अपुऱ्या, वाळलेल्या कातड्यावरून. त्यांनी नावातही खरखरीतपणाच नोंदविला. हातातून शस्त्र निसटू नये म्हणून मुठीवर हेच कातडे चढवीत. ज्या कवचाने जगविले त्याच्याच पायी मरणे आले. 2001 पासून आपल्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. तो हात वेळीच अडविला गेला, हे मला तेव्हा कुठे पुरते पटले.

त्या दिवशी बोटीत येताच लेकीने विचारले, "केवढा होता हो बाबा?"

"चांगला तीन हात रुंद!"

प्रशिक्षक हसला. पाण्याखाली सारे एक-तृतीयांशाने मोठे दिसते, असे त्याने सांगितले. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि पाऊण हात परत केला.