बंद दाराची जबाबदारी

मानसोपचाराच्या प्रत्यक्ष भेटीत खोली माझी असते. दार मी लावते. दोन खुर्च्या अगदी समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या ठेवते, म्हणजे समोरच्याला नजर चुकवावीशी वाटली तर खिडकी सापडते. येणारा माणूस बसने, रिक्षाने येतो. काय बोलायचं याची वाटेत जुळवाजुळव करतो. परतताना पुन्हा तेवढाच रस्ता असतो, रडून लाल झालेले डोळे घरी पोचेपर्यंत निवळतात. ही सगळी सोय उपचाराचाच भाग असते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि ती एकाएकी गेली, तेव्हा तिचं मोल कळलं.

ऑनलाइन सेशनसाठी जागा क्लायंटला शोधावी लागते. आणि दोन खोल्यांत पाच माणसं राहतात, तिथे बंद दार सहजासहजी मिळत नाही. माझ्याशी माणसं गच्चीच्या जिन्यात बसून बोलली आहेत, बाथरूममध्ये नळ सोडून बोलली आहेत.

एक बाई सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलायच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मोबाइल स्टिअरिंगला टेकवलेला असायचा. शेजारपाजारचं कुणी जवळून गेलं की बोलणं अर्धवट तोडून त्या चेहऱ्यावर हसू आणायच्या, ‘हो हो, पाठवते मी’ म्हणायच्या. माणूस लांब गेला तरी ते हसू थोडा वेळ तसंच राहायचं. माझ्या खोलीत मला हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे बाहेरचं कुणी येत नाही. मी विचारलं, ‘घरात हे हसू दिवसातून किती वेळा आणावं लागतं?’ बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘मॅडम, आणायचं काही नाही वाटत. उतरवायला जागा नाही.’

मग आमचं काम तिथूनच सुरू झालं. घरात एक तास मागायचा. कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही. वाक्य आम्ही मिळून तयार केलं: ‘मंगळवारी संध्याकाळी सहा ते सात मी आतल्या खोलीत असेन, मला हाक मारू नका.’ त्यांनी ते माझ्यासमोर म्हणून पाहिलं. पहिल्यांदा शेवटी ‘चालेल ना?’ आलं, मग ते गळलं. पुढे कपाटाला पाठ टेकून त्या आतल्या खोलीतून बोलू लागल्या. त्यांच्यासाठी तो तास मिळवणं हाच उपचाराचा मोठा टप्पा होता.

आता मी प्रत्येकाबरोबर सुरुवातीलाच हे बोलते. घरात आत्ता कोण आहे? दार लागतं का? हेडफोन आहे? कुणी आत आलं तर कोणता शब्द बोलायचा, म्हणजे मी विषय बदलेन? आणि दर वेळी एक प्रश्न असतोच: ‘आत्ता नेमके कुठे आहात?’ जीव नकोसा झालेल्या माणसाजवळ मला स्क्रीनमधून उठून जाता येत नाही. जवळ कोण आहे, कुणाला फोन करायचा, हे आधीच ठाऊक असावं लागतं.

गप्प बसण्याबद्दलही आधीच बोलून घ्यावं लागतं. जगातल्या दहा भाषांच्या 2009 सालच्या अभ्यासात दिसलं, की प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला सरासरी साधारण 200 मिलिसेकंद लागतात. नेट जरा रेंगाळलं तरी एवढा वेळ सहज जातो, आणि माझं ऐकत राहणं समोरच्याला नापसंतीसारखं वाटू शकतं. म्हणून मी आधीच सांगून ठेवते: ‘मी गप्प असेन तेव्हा ऐकत असेन. लाइन तुटली तर फोन मीच करेन.’ अंगाच्या खुणाही विचारून घ्याव्या लागतात. थरथरणारा पाय स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून मी विचारते, ‘पाय काय करतायत?’ स्वतःचा चेहरा सतत समोर दिसत असेल तर माणूस स्वतःलाच तपासत बसतो. ती चौकट मी बंद करायला सांगते. नजरेला नजर मिळाल्यासारखं दिसावं म्हणून कॅमेऱ्यात पाहिलं, तर मला चेहरा दिसत नाही. मी चेहरा निवडते. फ्रॉइड तर पलंगावर पहुडलेल्या रुग्णाच्या मागे, त्याच्या नजरेआड बसत. नजर बाजूला ठेवूनही उपचार होतो. मात्र आपल्याकडे पूर्ण लक्ष आहे, याची खात्री समोरच्याला हवी.

काही ठिकाणी मी ऑनलाइनला नाही म्हणते. मारणारा माणूस पलीकडच्याच खोलीत असेल, तर भिंतीआडून बोलणं धोक्याचं असतं. तिथे प्रत्यक्ष भेटीचाच आग्रह धरते. पण तालुक्याच्या गावाहून शहर गाठायला अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी घालवावी लागते, त्या माणसाला फोनवर मिळणारा एक तास किती मोलाचा असतो, हेही मी पाहिलं आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर मोफत मिळते, मराठीतही. क्रमांक फिरवायला पैसे लागत नाहीत. कोपरा मात्र लागतो.

आणि तो कोपरा माझ्या हातात नाही. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतो आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्यांना बांधून घेतो. दाराबाहेर कान लावणाऱ्या आईला, नवऱ्याला, सासूला तो बांधत नाही. त्यांच्या मनात बहुधा वाईटही नसतं. काळजी असते, आपल्याबद्दल काय सांगितलं जातंय याची धास्ती असते. म्हणून माझं मागणं घरच्यांकडे आहे. कुणी तासभर दार लावून घेतलं, तर ते लावलेलं राहू द्या. टीव्हीचा आवाज थोडा मोठा ठेवा. बाहेर आल्यावर ‘काय बोललात?’ विचारू नका. एरवी हे दार मी सांभाळत होते. आता ते तुमच्या घरात आहे, आणि ते राखणं हा तुमच्या माणसाच्या उपचारातला तुमचा वाटा आहे.