ओलीचे काम

संस्कृतात पाण्याला जी अनेक नावे आहेत, त्यांत ‘जीवन’ हेही एक आहे. ज्याच्यावाचून आपला एक दिवस निभत नाही, तेच पाणी कोणाच्या हातांना इजा करीत असेल ही कल्पना सहसा आपल्या मनास शिवत नाही. परंतु धुणीभांडी करणाऱ्या बाया, भाताची लावणी करणारे शेतकरी, मुंबईच्या ससून डॉकवर बर्फातली कोळंबी सोलणाऱ्या स्त्रिया, यांचे हातपाय दिवसातील कितीतरी तास ओलेच असतात. त्या ओलीत थंडीची भर पडली की कातडी फाटते, बोटे सुजतात, नखांच्या कडा दुखू लागतात. हे दुखणे जिवावर बेतणारे नसते, म्हणून त्याची चर्चा होत नाही. पण ते पोटावर येऊ शकते, हे मी आमच्या बंगळुरात पाहिले आहे.

बंगळूर हे समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले शहर. येथील थंडी तशी सौम्यच. जानेवारीतील पहाटेचे तापमान बहुधा १५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. १३ जानेवारी १८८४ रोजी ते ७.८ अंशांपर्यंत उतरले होते, तोच येथील आजवरचा नीचांक. एवढ्याशा गारठ्याने काय होते, असे उबदार शाल पांघरून कोणीही म्हणेल. परंतु कृष्णराजेंद्र मार्केटात उजाडण्यापूर्वी गेल्यास निराळे दृश्य दिसते. शेवंती आणि मोगरा टवटवीत राहावा म्हणून फुलांवर सतत पाणी शिंपडले जात असते, आणि हार गुंफणाऱ्या बाया ओल्या दोऱ्याने, ओल्या फुलांत, ओल्या बोटांनी काम करीत असतात. ग्राहकाला फुलांचा ताजेपणा दिसतो. तो ज्या बोटांनी राखला ती बोटे क्वचितच दिसतात.

पाण्यात राहणारी कातडी कोरडी पडून फाटावी, हे प्रथमदर्शनी कोड्यासारखे वाटते. त्याचे उत्तर कातडीच्या रचनेत आहे. तिचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो : निर्जीव झालेल्या पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. पाण्याने हा थर फुगतो व मऊ पडतो, आणि कातडीतील ओलावा धरून ठेवणारी द्रव्ये धुऊन जातात. साबण तर चुनाच विरघळवून नेतो. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते आणि बहुतेक साबण अल्कधर्मी असतात, त्यामुळे घाव दुहेरी बसतो. मग हात वाऱ्यावर वाळतात, तेव्हा कातडीचा स्वतःचा ओलावाही निघून जातो. थंड, कोरड्या हवेत ती ताठर होते व तडकते. आणि एकदा भेग पडली की पुढचा साबण थेट आत उतरतो. गरम पाणी हातांस बरे वाटते, पण फार गरम पाण्याने स्निग्धांश अधिकच लवकर जातो. बंगळुराजवळच्या रामनगरात रेशमाचे कोष गरम पाण्यात घालून त्यांची टोके बोटांनी शोधणाऱ्या कारागिरांना पाण्याची ही दुसरी बाजू चांगली ठाऊक आहे.

आमच्या मासिकाच्या मराठी आवृत्तीसाठी आरोग्यविषयक लेखांचे भाषांतर करताना या दुखण्यांची इंग्रजी नावे अनेकदा माझ्यासमोर येतात. त्यांना प्रतिशब्द शोधू लागले, तेव्हा ध्यानात आले की आपल्या बोलीत ते केव्हाचेच आहेत. पावसाळ्यात चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्यांच्या पायांच्या बोटांमधील कातडी पांढरी पडून सोलते, तिला आपण ‘चिखल्या’ म्हणतो. नखाच्या कडेला सूज येऊन ठणका लागतो, ते ‘नखुरडे’. टाचा फाटतात त्या ‘भेगा’. त्यांवर कोकणात कोकमाच्या बियांचे तेल वितळवून लावण्याची चाल आहे, आणि चिखल्यांवर अनेक घरी मेंदी लावतात. यांतला ‘चिखल्या’ हा शब्द मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. त्यात रोगाचे नाव आणि रोगाचे कारण एकत्र आहे. ज्याने तो शब्द घडविला, त्याने रोग्याच्या पायाबरोबर तो पाय कोठे उभा होता हेही पाहिले होते.

इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झीनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्याचे सारही हेच. धुणे धुणाऱ्या स्त्रियांचे हात क्षाराच्या पाण्याने फाटतात, हे त्यांनी त्यात नोंदविले आहे. वैद्याने रोग्यास जे प्रश्न विचारावयाचे, त्यांत आणखी एका प्रश्नाची त्यांनी भर घातली : तुमचा व्यवसाय कोणता? तीनशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजही किती अगत्याचा आहे, हे मला आमच्या अक्कांमुळे समजले.

अक्का आमच्याकडे भांडी घासण्यास येतात. वयाने माझ्याहून मोठ्या, म्हणून येथील रीतीप्रमाणे घरातील सर्वजण त्यांना अक्का म्हणतात. एका मार्गशीर्षात त्यांच्या बोटांना भेगा पडून रक्त येऊ लागले. उजव्या अंगठ्याचे नखुरडे तर बरे होईनाच. मलम लावले की चार दिवस उतार पडे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अशातच एका घरच्या बाईंनी, “हा रोग आमच्या भांड्यांना लागेल,” असे म्हणून त्यांचे काम थांबविले. चार घरांपैकी एक घर गेले, म्हणजे मिळकतीचा चौथा हिस्सा गेला. अक्का मला म्हणाल्या, “अम्मा, दुखते त्याचे मला काही वाटत नाही. पण उद्या बाकीच्यांनीही हात पाहिले, तर मी काय करू?” त्या दिवसापासून त्या पदराखाली हात झाकून घरात येऊ लागल्या.

पुढे मी त्यांच्यासोबत एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्या डॉक्टरीणबाईंनी हात पाहण्याआधी विचारले, “किती घरी काम करता? रोज किती वेळ हात पाण्यात असतात?” हिशेब केला तेव्हा चार घरांचे पाऊण-पाऊण तास मिळून तीन तास भरले; स्वतःच्या घरचे काम निराळेच. जर्मनीतील कामगार-सुरक्षेच्या नियमांनुसार दिवसाकाठी दोन तासांहून अधिक वेळ हात ओले राहणे हेच कातडीला धोक्याचे मानतात. साबण-पाण्याने होणारा हा दाह एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले. नखुरड्यात बुरशीचा शिरकाव झाला होता, त्यासाठी निराळे औषध दिले, आणि हात पुसण्याचा पंचा प्रत्येकाचा वेगळा असावा असे बजावले. मग त्या म्हणाल्या, “औषध मी दिले. परंतु अर्धे औषध ज्यांच्या घरी काम करता, त्यांच्याजवळ आहे.”

ते अर्धे औषध अगदी साधे होते. प्रत्येक घरी मोरीजवळ अक्कांसाठी कोरडा सुती पंचा टांगलेला असावा. खरकटी भांडी आधी भिजत घालावी, म्हणजे घासण्याचा वेळ कमी होतो. हिवाळ्यात पाणी कोमट असावे, कढत नको. रबरी हातमोजे द्यावे. पण त्यांत घाम साचून तीच ओल पुन्हा होते, म्हणून आत पातळ सुती मोजे असावे आणि ते रोज वाळवावे. काम संपताच हात, विशेषतः बोटांच्या बेचक्या, कोरड्या करून व्हॅसलीन किंवा खोबरेल लावावे. अंगठीखाली साबण साचतो, तेव्हा ती कामापुरती काढून ठेवावी. वास जावा म्हणून फाटलेल्या हातांवर लिंबू चोळू नये. मोज्यांतून भांडे निसटते अशी अक्कांची पहिले काही दिवस तक्रार होती; मापाचे मोजे मिळाल्यावर ती थांबली.

उरलेल्या तीन घरांनी हे सर्व केले. महिन्याभरात भेगा भरल्या. अंगठ्याचे नख मात्र नीट यावयास बराच काळ गेला, कारण हाताचे नख मुळापासून पुरते वाढण्यास सुमारे सहा महिने लागतात.

या प्रसंगी मला पहिल्या महायुद्धाची आठवण होते. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्स-बेल्जियममधील खंदकांत दिवसेंदिवस थंड पाण्यात उभे राहून हजारो सैनिकांचे पाय बधिर झाले, सुजले, काहींचे सडलेही. त्यासाठी बर्फ पडावे लागले नाही; गारठा आणि ओल एवढी पुरेशी होती. यावर उपाय निघाला तो कोरड्या मोज्यांचा, पायांना तेल चोळण्याचा आणि रोजच्या तपासणीचा. परंतु त्यातील महत्त्वाचा भाग असा, की सैनिकांच्या पायांची जबाबदारी त्यांच्या अधिकाऱ्यांवर टाकण्यात आली. ज्याच्या हुकमाने माणूस पाण्यात उभा राहतो, त्याने त्याचे पाय पाहिले पाहिजेत, असा त्याचा अर्थ.

कामगारांस नुकसानभरपाई देणारा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला, आणि व्यवसायजन्य रोगांच्या त्याच्या यादीत पुढे त्वचारोगांनाही स्थान मिळाले. घरकाम करणाऱ्यांनाही सुरक्षित व आरोग्यदायी परिस्थितीत काम करण्याचा हक्क आहे, असे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०११ च्या करारात म्हटले आहे. तरीही आपल्या मोरीपर्यंत कोणी निरीक्षक येत नाही. तेथे हुकूम देणारे आपण आणि तपासणी करणारेही आपणच. एक पंचा, मोज्यांचे दोन जोड आणि तेलाची बाटली, एवढाच काय तो खर्च.

काम थांबविणाऱ्या त्या घरून काही महिन्यांनी पुन्हा बोलावणे आले. अक्कांनी जाण्यापूर्वी विचारले, “मोरीपाशी पंचा आणि मोजे असतील ना?” होकार मिळाला, तेव्हाच त्या गेल्या.