मानाचें पहिलें पान

शिक्षकाच्या धंद्यांत एक धोका नेहमींचाच असतो. आपण वर्गांत शिकविलेलें एखादा मुलगा खरेंच मनावर घेतो. आमच्यावर असा प्रसंग दोन वर्षांपूर्वीं आला, त्याची ही हकीकत.

नववीचा तास चालला होता व बोलतां बोलतां विषय दक्षिण आफ्रिकेवर गेला. 1983 सालच्या ऑगस्ट महिन्यांत केपटाउनजवळ मिचेल्स प्लेन येथें शेंकडों लहानमोठ्या संस्थांनीं मिळून संयुक्त लोकशाही आघाडी उभारली. तींत मजूर होते, स्त्रिया होत्या, विद्यार्थी होते, ख्रिस्ती मंडळ्या होत्या, आणि गांधीजींनीं 1894 सालीं स्थापिलेली नाताळ इंडियन काँग्रेसही होती. पुढें 1987 च्या मार्चमध्यें, देशांत आणीबाणी चालू असतां, प्रांतोप्रांतींच्या तरुण संघांनीं गुप्तपणें एकत्र जमून आपली सामाईक युवक काँग्रेस स्थापन केली. हें सर्व आम्हीं मोठ्या रंगांत येऊन सांगितलें. घंटा झाली, तोंच मागल्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. हा हिर्डोशीकडचा, आमच्याच वसतिगृहांत राहणारा.

"सर, एवढ्या मोठ्या देशांतल्या पोरांना एक होतां आलं. मग आमच्या पांच वाड्यांच्या पांच मंडळांना कां नाहीं होतां येत?"

वर्ग हंसला, पण तो हंसला नाहीं. मागाहून त्याला जवळ बोलावून विचारलें, तेव्हां खरी गोष्ट कळली. त्याची धाकटी बहीण गांवच्या शाळेंत सातवीपर्यंत शिकली होती. उन्हाळ्यांत त्यांच्या वाडीची विहीर आटे, पाणी खालून डोक्यावर आणावें लागे, आणि आई मजुरीला जात असल्यामुळें सकाळचे हंडे त्या मुलीकडे आले. प्रथम ती शाळेस उशिरां जाऊं लागली, मग आठवड्यांतून दोनदां, मग मुळींच नाहीं. वाडीच्या वरच्या अंगाला पूर्वीं एक झरा होता, तो दरडीखालीं बुजला होता. दगडमाती काढून पाणी नळीनें खालीं आणलें तर दोन वाड्यांचें काम भागण्यासारखें होतें. एका वाडीच्या हातांनीं मात्र तें होणारें नव्हतें.

मे महिन्याच्या सुटींत आम्ही त्या मुलाबरोबर तिकडे गेलों. भोरहून वरंध घाटानें महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेनें जातो. धरणांत पावणेबारा अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी मावतें, आणि तें खंडाळा, फलटण, माळशिरसच्या शेतांसाठीं आहे. त्या शेतकऱ्यांचा आम्हांस मुळींच हेवा नाहीं. परंतु एका बाजूस तें निळें पाणी, आणि दुसऱ्या बाजूस चढणीवर रिकामे हंडे घेऊन निघालेल्या बाया, हें दृश्य पाहून आमच्या तोंडून बराच वेळ शब्द निघाला नाहीं. मुलगा मात्र सहज म्हणाला, "सर, पाणी वर चढत नाहीं ना!"

सायंकाळीं देवळाच्या सभामंडपांत पांचही वाड्यांचे तरुण जमले. कांहीं पुण्यास कारखान्यांत काम करणारे, कांहीं मुंबईहून सुटीवर आलेले. प्रत्येक वाडीचें तरुण मंडळ निराळें, गणपति निराळा, क्रिकेटचा चषक निराळा, वर्गणीची पावती निराळी. आणि येथें आमच्या हातून जो मूर्खपणा झाला तो सांगितलाच पाहिजे. आम्ही पदवीधर ना! आम्हीं रात्रभर जागून एक घटना लिहून नेली होती. 'युवक महासंघ' असें भारदस्त नांव, अध्यक्ष एक, उपाध्यक्ष दोन, चिटणीस, खजिनदार, सर्व कांहीं. झऱ्याचा उल्लेख सातव्या कलमांत होता.

सातव्या कलमापर्यंत सभा पोंचलीच नाहीं. अध्यक्ष कोणत्या वाडीचा? फलकावर कोणाच्या मंडळाचें नांव वर? मुंबईच्या एका गृहस्थांनीं दूरध्वनीवरून कळविलें कीं, आमचें मंडळ सर्वांत जुनें, तें कोणांत विलीन होणार नाहीं. रास्तच होतें तें. विलीन व्हा असें आम्हांवांचून कोणीं म्हटलें होतें? ज्या तीन वाड्यांस झऱ्याचा उपयोग नव्हता त्यांतील एक तरुण शांतपणें म्हणाला, "आम्ही कां खपावं, तेवढं सांगा." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घटनेचे कागद पिशवींत घालून रात्रीं परतलों. मुलगा वाटेंत एक शब्द बोलला नाहीं.

नांवाचा हा मोह आमच्या परिचयाचा आहे. आम्ही ख्रिस्ती मंडळींनीं तो पुष्कळ अनुभवला. एकच शास्त्र वाचणाऱ्या सहा मंडळ्यांस एक होऊन उत्तर भारताची मंडळी म्हणवून घ्यावयास 1970 सालचा 29 नोव्हेंबर उजाडावा लागला. तो समारंभ नागपुरास झाला. पण नांव म्हणजे केवळ मोहच, असेंही म्हणवत नाहीं. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव द्यावें असा ठराव विधिमंडळांत 1978 च्या जुलैमध्यें झाला, आणि तें नांव 14 जानेवारी 1994 रोजीं लागलें. मधल्या काळांत माणसें मेलीं, घरें जळालीं. ज्या दलित पँथरचा जन्म 1972 सालीं मुंबईस झाला ती दोन वर्षांतच दुभंगली होती. तरी तिचे विखुरलेले तरुण व इतर अनेक संघटनांचे तरुण या एका मागणीपाठीं वर्षानुवर्षें उभे राहिले. ज्याला जन्मभर नांवच नाकारलें, त्याला तें भाकरीहून कमी नव्हे. आमच्या पांच मंडळांचें प्रकरण तसें नव्हतें. तेथें नांव कोणीं नाकारलें नव्हतें. आम्हींच तें पुसावयास निघालों होतों.

वास्तविक पाहतां याचें उत्तर त्याच मातींत पडलें होतें. हिर्डोशीचें खोरें म्हणजे जुनें हिरडस मावळ, बांदल देशमुखांचें. पलीकडे रोहिड खोऱ्यांत कारीचे जेधे. या दोन घराण्यांचें वैर जुनें होतें. बांदल तर प्रथम शिवाजीमहाराजांशींही लढले. पुढें 1660 च्या जुलैमध्यें पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जातांना घोडखिंडींत बाजीप्रभु देशपांडे बांदलांच्या लोकांनिशीं उभे राहिले, तें आपण सर्व जाणतां. त्यानंतरची गोष्ट मात्र शाळेंत कोणी फारशी सांगत नाहीं. दरबारांत तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांचा होता. महाराजांनीं जेध्यांस विचारून तो मान बांदलांस दिला, आणि जेध्यांनीं तो आपल्या जुन्या वैऱ्यासाठीं सोडला, असें परंपरा सांगते. जेधे बांदल झाले नाहींत, बांदल जेधे झाले नाहींत. पान तेवढें हातांतून हातांत गेलें.

ही गोष्ट आम्हीं पुढील जूनमध्यें त्या मुलाला सांगितली. बोध करण्याचा हेतु नव्हता. मे महिन्याची लाज झांकण्याचा कांहींसा होता. त्यानें ऐकून घेतली.

जुलैमध्यें भाताच्या लावणीसाठीं तो आठ दिवसांची रजा घेऊन घरीं गेला. त्या भागांत लावणीला अजून सावड करतात. आज माझ्या खाचरांत तुम्ही, उद्यां तुमच्या खाचरांत मी. पैसा नाहीं, पावती नाहीं, अध्यक्ष तर नाहींच. परत आल्यावर तो म्हणाला, "सर, चिखलांत उभं राहून बोललों सगळ्यांशीं. सावड घालायची ठरली. पांच मंडळं, पांच कामं. फलक ज्याचा त्याच्याकडे."

"पहिलें काम झऱ्याचें ना?"

"नाहीं. खालच्या वाडीची स्मशानाची वाट वाहून गेली आहे. ती पहिली."

खालची वाडी म्हणजे 'आम्ही कां खपावं' असें विचारणारी. झरा ज्यांचा, त्यांनीं आपली पहिली पाळी तिला दिली होती. आम्हीं विचारलें, "आणि तुझी बहीण?" तो खालीं पाहून म्हणाला, "तिला विचारूनच दिली."

दिवाळीच्या सुटींत वाट झाली. झऱ्याची पाळी नाताळांत आली, व दगड अपेक्षेहून मोठे निघाल्यामुळें काम दोनदां थांबलें. त्या वेळीं आम्हींही दोन दिवस घमेलीं वाहिलीं. आमचा वेग पाहून मुलांनीं आम्हांस लवकरच पाणी पाजण्याच्या कामावर नेमलें. उरलेल्या तीन कामांपैकीं एक झालें आहे, एकावरून सध्यां भांडण चालू आहे, आणि एका मंडळानें मध्यंतरीं अंगच काढून घेतलें होतें. तें गणेशोत्सवानंतर परत आलें. देवळापाशीं फलक अजून पांचच आहेत. झऱ्यावर एकही नाहीं.

पाणी त्या उन्हाळ्यांत मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुरलें. मुलीनें जूनमध्यें आठवींत नांव घातलें. वर्गांतल्या मुलींहून ती दोन वर्षांनीं मोठी आहे, म्हणून उंच दिसते, आणि मागल्या बांकावर बसते, असें तिचा भाऊ सांगतो.